चुन्याची परीक्षा

एरंडोलच्या बाजूला एका नाल्यावर पूल व्हायचा होता. नाल्याचा एक काठ आमच्या तालुक्यात, दुसरा शेजारच्या. म्हणून दोन्ही लोकल बोर्डांनी चुना मिळूनच घ्यायचं ठरवलं. मी आमच्या बोर्डाचा ओव्हरसियर होतो. सर्वांत स्वस्त टेंडर आमच्या अध्यक्षांच्या भाच्याचं निघालं आणि शेजारचे सभासद बिथरले.

“नमुना तपासल्याशिवाय आमची सही नाही,” ते म्हणाले.

त्या चुन्यानं जोडलेल्या दोन विटा मी आठवडाभर पाण्यात ठेवल्या. मग भरसभेत बादलीत हात घातला. विटा सुटल्या तर माझी नोकरी गेलीच, असं वाटत होतं. मी वरची वीट उचलली. खालची बादलीतच राहिली.

“यानंच काहीतरी केलंय, मामा!” भाचा ओरडला.

अध्यक्ष उठले. विटेवरचा चुना त्यांनी नखानं खरवडला, तो चिखलासारखा निघाला. एरवी सभेत शुद्ध बोलणारा तो माणूस शेजारच्यांकडे वळून घरच्या बोलीत म्हणाला, “हाऊ चुना नही चाले. तुम्ही सांगा त्या भट्टीना लेऊत.”

पूल धुळ्याकडच्या चुन्यात उभा राहिला. माझी नोकरीही राहिली. अध्यक्षांची बहीण मात्र त्यांच्या मुलीच्या लग्नालाही आली नाही.