नव्या गाडीतलं हळदीकुंकू

माझ्या सासूबाईंचे देव उशिरा उठायचे आणि बजबजहून सियालदहला जाणारी गाडी लवकर सुटायची. या दोघांच्या कात्रीत माझी नोकरी सापडली होती.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. यांची बदली बजबजला, तेलाच्या डेपोत झाली आणि मला बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली. खरं सांगते, वर्गात खडू हातात घेतला की मी कुणाची सून नसायचे, कुणाची आई नसायचे. ती नोकरी म्हणजे माझा जीव की प्राण. पण घरी बाळ सात-आठ महिन्यांचं. यांची दुपारपाळी असली की सकाळी बाळ यांच्याकडे आणि मी लवकरच्या गाडीत. पहाटपाळी असली की माझे हाल कुत्रा खात नसे. सासूबाई सोवळ्यात, पूजा होईपर्यंत बाळाला हात लावायच्या नाहीत. त्या बाळाला घेईपर्यंत गाडी शिट्टी फुंकून गेलेली. आणि पुढची गाडी पकडली की शाळेतला पहिला तास बुडालाच म्हणून समजा.

"आई, पूजा जरा लवकर आटपली तर?" मी एकदा भीतभीत विचारलं.

"देव काय रेल्वेत नोकरीला आहेत?" त्या म्हणाल्या. झालं, विषय संपला.

शाळेतल्या मोठ्या बाईंनी मला दोनदा गोडीगुलाबीनं समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वेळेवर येऊन दाखवा, नाहीतर सुट्टीनंतर येऊच नका.

आता त्या लवकरच्या गाडीबद्दल सांगायला हवं. तिच्यातला बायकांचा डबा म्हणजे एक बिऱ्हाडच होतं. कुणी टेलिफोनवर, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात कामाला. कितीतरी जणी सीमेपलीकडचं घरदार टाकून आलेल्या आणि आता एकटीच्या जिवावर संसार ओढणाऱ्या. त्यांची पुढारी एक नर्सदिदी. पन्नाशीची, पांढरी बिनकाठाची साडी, लहान वयात विधवा झालेली आणि आवाज असा की इंजिनानं लाजावं. चौघींच्या बाकावर सात जणी बसायच्या, त्यातल्या दोघी विणायच्या, एक केस विंचरायची, आणि सगळ्या मिळून एकच रड गायच्या: आणखी एक गाडी हवी.

पण गाडी वाढवणार कुठून? रूळ एकच. समोरून गाडी येणार म्हटलं की आमची गाडी मधल्याच स्टेशनात ताटकळत उभी. शेवटी एकदाचं मधल्या टप्प्यात दुसरा रूळ टाकायचं काम निघालं. डोक्यावर खडीच्या पाट्या घेतलेल्या बायाबाप्ये आम्ही खिडकीतून रोज बघायचो. आज पुलापर्यंत आले, आज तळ्यापर्यंत आले, अशी डब्यात चर्चा. मी तर मनातल्या मनात त्यांना घाईच करत असे.

आणि आली हो नवी गाडी! अगदी मधल्या वेळेची. सासूबाईंची आरती संपावी, बाळ त्यांच्या मांडीवर द्यावं आणि मी पदर खोचून पळत सुटावं, की गाडी उभी. शाळेत घंटेच्या आधी हजर. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

पण त्या गाडीत चढतंय कोण? कुणी नाही! सगळ्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि सगळ्या जुन्याच गाडीत कोंबून बसल्या. "तू जा ना नव्या गाडीनं, तुलाच जागा हवी होती." "मी का जाऊ? माझी मैत्रीण इथं बसते." पुरुषांचंही तेच, त्यांचा पत्त्यांचा अड्डा जुन्या गाडीत. मी आपली नव्या गाडीच्या अख्ख्या डब्यात महाराणीसारखी एकटी. एके दिवशी बजबजचे स्टेशनमास्तर खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "दिदिमणी, ही गाडी तात्पुरती आहे हं. उन्हाळ्यापर्यंत अशीच रिकामी धावली तर बंद करणार."

माझं डोकंच फिरलं. वर्षानुवर्षं गाडी गाडी करून ऊर बडवला तो याच बायांनी ना? आणि त्यांच्या गप्पांपायी माझी नोकरी जाणार?

चैत्र चालू होता. घरी पितळी पाळण्यात गौर बसलेली, हळदीकुंकू करायचंच होतं. तिच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं, ते गाडीतच केलं तर? पुढच्या आठवड्यात यांची दुपारपाळी होती. मी लवकरच्या गाडीत चढले आणि मोडक्यातोडक्या बंगालीत जाहीर केलं, की आमच्याकडे देवी आली आहे, शुक्रवारी तिचं हळदीकुंकू नव्या गाडीत. गुलाबपाणी, अत्तर, कैरी घालून केलेली डाळ आणि कैरीचंच पन्हं. कच्च्या आंब्याचं नाव निघाल्याबरोबर विणकामाच्या सुया थांबल्या. सगळ्या हो हो म्हणाल्या.

"हे कुंकू लावायचं कुणाला?" नर्सदिदीनं विचारलं.

"सवाष्णींना," मी म्हटलं. आमच्याकडे तसंच असतं, वेगळं काही सुचलंच नाही.

"मग मी जुन्या गाडीनंच येईन," ती म्हणाली. रागावली नव्हती. तिनं नुसती खिडकीकडे मान वळवली. मी डब्यात नजर फिरवली. निम्म्या बायकांचा भांग कोरा होता, कुणी विधवा, कुणाचं लग्नच झालेलं नाही. नर्सदिदी नाही म्हणजे कुणीच नाही, हे तर मला पक्कं ठाऊक होतं. हात्तिच्या, सगळं मुसळ केरात!

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. त्या स्वतः विधवा, मामंजी जाऊन वीसेक वर्षं झाली होती. दर चैत्रात कैऱ्या किसायच्या त्या, डाळ वाटायच्या त्या, पन्हं गाळायच्या त्या. आणि दारात पहिल्या पाहुणीच्या बांगड्या वाजल्या की उठून माजघरात जायच्या. तुम्ही जा असं त्यांना कुणी म्हणत नसे आणि थांबा असंही कुणी म्हणत नसे. मीही नाही.

त्यांनी निवडलेली डाळ एकीकडे सारली. मग म्हणाल्या, "किती बायका आहेत डब्यात?"

"असतील चाळीस-पन्नास."

"मग डाळ जास्त भिजव. आणि कुंकवाचा करंडा राहू दे घरीच. अत्तर, गुलाबपाणी घे. ते सगळ्यांना चालतं." मग पुन्हा म्हणाल्या, "आणि वाढणार कोण? हात माखून शाळेत जाणार आहेस? मी येते."

"अहो, पण तुमचं सोवळं?"

"परत आल्यावर अंघोळ करीन. गंगा काय लांब आहे?"

मी दुसऱ्या दिवशी नर्सदिदीला निरोप दिला. कुंकू रद्द, डाळ सगळ्यांना, आणि वाढायला माझ्या सासूबाई येणार आहेत, त्याही तुमच्यासारख्याच. ती हसली. "मग येते बाई," म्हणाली.

शुक्रवारी देव अंधारातच उठले! म्हणजे उठवता येत होते तर! ओठावर आलेलं मी गिळलं.

हे बाळाला घेऊन पुढच्या डब्यात बसले. बायकांच्या डब्यात सासूबाई खिडकीशी, मांडीवर डाळीचं पातेलं. नर्सदिदी अख्खी फौज घेऊन आली. सगळ्या त्यांना माशीमा, माशीमा म्हणायला लागल्या. "म्हणजे मावशीच ना गं?" त्यांनी मला विचारलं आणि जोमानं वाढत सुटल्या. एवढा तिखट हात लागला होता की बायका हाय हाय करत पुन्हा द्रोण पुढे करत होत्या. स्टेशनमास्तरांनासुद्धा खिडकीतून एक द्रोण गेला. सगळ्यांच्या हाताला सासूबाईंनीच अत्तर लावलं. शेवटी नर्सदिदीनं त्यांच्या हातातली अत्तरदाणी काढून घेतली.

"माशीमा, हात."

सासूबाईंनी हात झटकन पदराखाली घेतला. "नको गं बाई, मला कुठलं अत्तर!"

"सगळ्यांना चालतं, असं तुम्हीच म्हणालात ना?" मी म्हटलं.

हात हळूच बाहेर आला. नर्सदिदीनं मनगटावर अत्तर चोळलं, वर गुलाबपाणीही शिंपडलं.

ऐसपैस जागेची चटक लागली आणि त्या बायका नव्या गाडीतून हलल्या नाहीत. त्यांच्यामागे झालमुडीवाला, म्हणजे तिकडचा भेळवाला आला, झालमुडीवाल्यामागे पुरुषांचे पत्ते आले. गाडी राहिली आणि माझी नोकरीही.

त्या शुक्रवारी बालीगंजला उतरलो, तेव्हा सासूबाईंना घेऊन परत जायला हे बाळाला कडेवर घेऊन उभे होते. मला शाळा गाठायची होती, तरी मी विचारलं, "आई, दमलात का?"

त्यांनी मनगट नाकाशी नेलं आणि गाडीकडे बघत म्हणाल्या, "गाडीला माजघर नसतं गं. फार बरं आहे."