दत्ताकाकांनी दत्तक घेतलेला रस्ता

मीनलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कार पार्कमध्ये होते. "बाबा गेला," एवढंच ती मराठीत म्हणाली, बाकी सगळं इंग्लिशमध्ये. आमच्या शेजारचे दत्ताकाका हिवाळ्यापुरते लेस्टरला तिच्याकडे, लेकीकडे, गेले होते, तिथेच झोपेत गेले... मला रडू आलं नाही. आठवला तो एक रविवार. आज सात आठवडे झाले, काकांचं नाव निघालं की अजून तोच आठवतो.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं झाली असतील. नवऱ्याला ब्रिस्टलला नोकरी लागली आणि आम्ही इल्फर्डचा फ्लॅट सोडून शहराबाहेरच्या एका लेनमध्ये घर घेतलं. नऊ घरं. पॅरिश म्हणजे इथली ग्रामपंचायत, तीही नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, आणि रस्ताही कौन्सिलचा नाही. असल्या रस्त्याला इथे 'अनअडॉप्टेड' म्हणतात. कचऱ्याची लॉरी आत यायची नाही, म्हणून मंगळवारी सकाळी सगळे आपापले बिन ओढत मेन रोडपर्यंत जायचे आणि तिथे अर्धा तास गप्पा मारायचे. गाडीतला वाट दाखवणारा सॅटनॅव्ह पाहुण्यांना थेट शेतात नेऊन सोडायचा. पहिल्याच आठवड्यात मी खड्ड्यांसाठी कौन्सिलला फोन केला. "तो रस्ता आमचा नाही," बाईंनी गोड आवाजात सांगितलं. शेजारचे दत्ताकाका कुंपणापलीकडून ऐकत होते. "अगं सुनीता, इथे कौन्सिल म्हणजे आपणच. त्यांनी रस्ता दत्तक घेतला नाही ना? मग दत्ताने घेतला!"

काका मूळचे मिरजेचे. बस डेपोत फिटर म्हणून सगळी नोकरी झाली, काकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. लेनमधली मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. वसंतात एका शनिवारी नऊही घरं खडी टाकायला बाहेर पडायची, एरवी वर्षभर काका एकटेच घमेलं घेऊन फिरायचे. ग्रीनहाऊसमधली मेथी आणून द्यायचे, "पोळ्या झाल्या का गं?" म्हणत सरळ स्वयंपाकघरात यायचे. माझी मुलगी त्याच रस्त्यावर त्यांच्या मदतीने सायकल शिकली.

त्या रविवारी माझा मॅनेजर आणि त्याची बायको जेवायला येणार होते. माझं प्रमोशन त्याच्या हातात होतं. मी काकांना आधीच म्हटलं होतं, "गेटसमोरचा खड्डा बघून ते काय म्हणतील हो!" आणि हेही म्हटलं होतं, की तुम्हीही जेवायलाच या. गाडी आली तेव्हा काका गेटसमोर गोणपाटावर गुडघे टेकून बसले होते. विटका स्वेटर, कानटोपी, कोपरापर्यंत सिमेंट. त्या बाईंनी विचारलं, "हे कोण?"

मी इंग्लिशमध्ये म्हणाले, "तो होय? तो रस्त्याची कामं करतो."

काका चार हातांच्या अंतरावर होते. त्यांनी वर पाहिलं. क्षणभरच. मग टोपीला हात लावून म्हणाले, "माइंड युअर शूज, मॅडम. सिमेंट स्टिल वेट."

ते जेवायला आले नाहीत. संध्याकाळी मी श्रीखंड घेऊन गेले. वाक्य जुळवून ठेवलं होतं. काकांनी वाटी घेतली, विचारलं, "झालं का तुझं काम?"

"झालं बहुतेक."

"मग बरं झालं."

माझं वाक्य तसंच राहिलं... पुढेही मेथी येत राहिली, पोळ्यांची चौकशी होत राहिली. बदललं ते एवढंच, की आमच्या दारात अनोळखी गाडी दिसली की काका इंग्लिशमध्ये बोलायचे. "गुड मॉर्निंग, मॅडम." चार वर्षं. प्रत्येक वेळी मला मराठीत उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. मला ते सोयीचं होतं.

लेस्टरला अंत्यसंस्काराच्या वेळी मीनलने माझा हात धरला. "तुम्ही चार शब्द बोलणार? माझा मराठी असा... बाबाला आवडला असता. तो सांगायचा, लेनमध्ये त्याची अजून एक मुलगी आहे." मी बोलले. शेजारी नव्हते, वडीलच होते, असं म्हणाले. लोकांनी डोळे पुसले.

नंतर चहा घेताना मीनलने हळूच विचारलं, "तिथे बाबाला कधी कोणी हर्ट केला का? तो असा काही सांगायचा नाही."

"नाही गं," मी म्हणाले. "सगळे फार मान द्यायचे."

मीनलला मराठी वाचता येत नाही. म्हणूनच हे इथे लिहिणं मला जमलं असावं. पुढच्या शनिवारी मी लेस्टरला जाणार आहे. तिच्यासमोर बसून हे सगळं, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचणार आहे.