दाइगोची सर्दी

दाइगो कुरिमोतो न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत गुरुनाथच्या घरी राहायला आला तेव्हा त्याच्या हातात एक बॅग होती आणि गळ्यात फुटबॉलच्या बुटांची जोडी. साल दोन हजार बारा, जूनचा गारठा. क्लबच्या मॅनेजरनं गुरुनाथला विचारलं होतं, तुमची एक खोली रिकामी आहे ना, आमचा जपानी फॉरवर्ड ठेवून घ्याल का? गुरुनाथ मूळचा पुण्याचा, वेलिंग्टनला आयटीत नोकरी करणारा. मुलगी सानिका त्याच क्लबात लहानांच्या संघात खेळायची, एवढीच काय ती ओळख. परका माणूस घरात म्हणजे विकतचं दुखणं, असं त्याची बायको नीलांबरी म्हणत होती. पण हा दारात आला, वाकला, बूट काढून ते नीट वळवून कडेला ठेवले, आणि तिचा विरोध तिथंच संपला. आमच्या घरच्यांना जन्मात जमलं नाही ते याला न सांगता जमलं, असं ती पुढे आठवडाभर ऐकवत राहिली.

पोरगा म्हणायचं, पण होता पंचविशीचा. जपानमध्ये एका लहान शहराच्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबाकडून तो चार मोसम व्यावसायिक म्हणून खेळला होता. खेळला म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसला. सामना हातचा गेला की शेवटी शेवटी त्याला उतरवायचे. फॉरवर्डला लोक गोलांवरून जोखतात, आणि बाकावर बसून गोल होत नाहीत. पाचव्या वर्षी क्लबानं आभार मानून निरोप दिला. वडील मासळीबाजारात बर्फ फोडायचं काम करायचे. ते म्हणाले, हौस फिटली ना, आता नोकरी बघ. दाइगोनं नोकरी बघितली नाही, न्यूझीलंडचा व्हिसा काढला. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि त्याच्याऐवजी खेळवायला दुसरा चांगला फॉरवर्डही नव्हता.

इथं मात्र तो खेळला. अंगानं किरकोळ, उडी बेताची. पण गोलसमोर बॉल पडायच्या आधी तो तिथं जाऊन पोचलेला असायचा. वेलिंग्टनच्या वाऱ्यात बॉल भलतीकडे वळतो. बाकीचे त्या वाऱ्याला शिव्या घालायचे, हा वारा बघून धावायचा. फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारी नीलांबरी छत्री उलटी होईपर्यंत मैदानाच्या कडेला उभी राहू लागली. ती फार्मासिस्ट होती, मॉलजवळच्या एका औषधाच्या दुकानात. शनिवारची पाळी तिनं सामन्यांसाठी बदलून घेतली, तेव्हा गुरुनाथनं जोरात टाळ्या वाजवल्या. लग्नाच्या वाढदिवसाला तिनं कधी पाळी बदलली नव्हती.

तीन वर्षांत दाइगो घरचाच झाला. क्लबानं त्याला मुलांचा कोच म्हणून कामाचा व्हिसा करून दिला. तो नीलांबरीला काकूसान म्हणायचा, सानिकाच्या मैत्रिणींचं ऐकून 'काकू' उचललेलं आणि पुढचं आदराचं 'सान' स्वतःचं, जपानी. बाहेर पडताना न चुकता 'येतो' म्हणायचा. फ्रिजवर एक कॅलेंडर होतं, त्यावर कोण कधी जेवायला नाही ते ज्यानं त्यानं लिहायचं, असा घरचा नियम. दाइगो त्यावर आपले सामने लाल पेननं लिहायचा. नीलांबरी त्या तारखांना आदल्या दिवशी भाताचा अंदाज वाढवायची, कारण सामन्याच्या आधी हा माणूस हत्तीसारखा जेवत असे.

दोन हजार पंधराच्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियातल्या एका व्यावसायिक क्लबानं त्याच्याबद्दल चौकशी केली. त्यांचा माणूस कप फायनल बघायला येणार होता. बोलणी जवळजवळ पक्की होती, फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दाइगो अठ्ठावीसचा झाला होता. या वयात फॉरवर्डला दुसरं दार उघडतं ते शेवटचंच, हे त्यानं जेवताना शांतपणे सांगितलं. त्यानं वडिलांना फोनही केला नव्हता. सही झाली की मगच सांगणार होता.

आणि फायनलच्या आदल्या दिवशी त्याला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक चोंदलेलं, डोळे लाल, डोकं धरून बसलेला.

परदेशातल्या मराठी घरात देव्हारा एक वेळ नसेल, पण औषधांचा डबा असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात दर खेपेला भारतातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, पोटाच्या, तापाच्या, सर्दीच्या. इथली औषधं गुण देत नाहीत यावर सगळ्यांचं एकमत. नीलांबरी स्वतः इथली औषधं विकायची, तरीही. वास्तविक दोन हजार अकरापासून डब्यातल्या त्या जातीची सर्दीची गोळी डॉक्टरच्या न्यूझीलंडमध्ये चिठ्ठीशिवाय मिळेनाशी झाली होती, कारण लोक तिच्यातून नशेचा माल बनवत. बाहेरून आणणंही गुन्हा. तशी सूचना दुकानाच्या काउंटरवर तिनंच चिकटवली होती. पण काउंटर वेगळं आणि ओटा वेगळा. ओट्याशी ती फार्मासिस्ट नसायचीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिनं त्याला रात्री दोन गोळ्या दिल्या आणि सकाळी आणखी दोन. सकाळच्या वेळी त्यानं पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. व्यावसायिक खेळाडूची सवय ती, चार वर्षं बाकावर बसूनही न सुटलेली.

"काकूसान, खेळाडूला चालते ना ही?"

ती पोहे परतत होती. "अरे, सर्दीची गोळी आहे. आमच्याकडे शेंबडी पोरंसुद्धा घेतात. घे आणि पोहे खा."

त्यानं गोळ्या घेतल्या. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला विचारल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

त्या दिवशी त्यानं दोन गोल केले. दुसरा तर असा, की नीलांबरीनं शेजारच्या अनोळखी बाईला मिठीच मारली. ऑस्ट्रेलियाचा माणूस मैदानात उतरून त्याचा हात हातात घेऊन बोलत होता. तेवढ्यात उत्तेजकांची तपासणी करणारे आले आणि लघवीचा नमुना घ्यायला दाइगोला आत घेऊन गेले. नेहमीचंच असतं, मॅनेजर म्हणाला. घरी येऊन त्यांनी श्रीखंड खाल्लं.

पुढच्या महिन्यात फोन आला. नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. ऑस्ट्रेलियानं त्याच दिवशी कळवलं, आम्ही थांबतो. थांबतो म्हणजे नको, हे दाइगोला सांगावं लागलं नाही. घरी त्यानं एवढंच सांगितलं, की माझी काही चूक झाली आहे, चौकशी होईल. मग नेहमीसारखं ताट धुऊन ठेवलं आणि खोलीत गेला.

औषधाचं नाव नीलांबरीला बातमीत वाचायला मिळालं, दुकानात चहाच्या सुट्टीत. डोकं वर केलं तर समोर तिनंच चिकटवलेली सूचना, त्यात तेच नाव. तिनं दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायचं धैर्य झालं नाही. त्या संध्याकाळी घरी कुणी नसताना तिनं डब्यातली ती पट्टी काढली. चार खळगे रिकामे होते.

मॅनेजरनं गुरुनाथला सगळं समजावून सांगितलं होतं. गोळी कुठून आली हे दाइगोनं सांगितलं आणि देणाऱ्यानं येऊन तसं कबूल केलं, तर शिक्षा काही महिन्यांवर येईल. नाहीतर दोन वर्षं. दोन वर्षं खेळायचं नाही, क्लबात सराव नाही, मुलांना शिकवायचंसुद्धा नाही. पण हा पठ्ठ्या तोंडातून ब्र काढत नाही, मॅनेजर वैतागून म्हणाला. कुठून घेतलीस विचारलं की म्हणतो, आठवत नाही.

नीलांबरीनं गुरुनाथला पट्टी दाखवली. त्यानं उठून स्वयंपाकघराचं दार लावलं, जणू कुणी ऐकत होतं.

"तुझं रजिस्ट्रेशन जाईल, नीला. वर केस होईल ती वेगळीच. कंट्रोल्ड ड्रग बॅगेतून आणलंस तू, फार्मासिस्ट असून. मॉर्गेज कोण भरणार? आणि तो स्वतःच नाव घेत नाहीये ना? मग आपण कशाला उगाच?"

"त्यानं मला विचारलं होतं रे," ती म्हणाली. "घ्यायच्या आधी विचारलं होतं."

गुरुनाथ वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. आणि खरं सांगायचं तर त्यानं जे बोलून दाखवलं ते नीलांबरीच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. तिला कुणीतरी ते मोठ्यानं म्हणायला हवं होतं. ते झालं, आणि ती मूग गिळून बसली.

सुनावणीची तारीख दाइगोनं फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिली. लाल पेननं, सामन्यासारखी. त्याखाली वेळ लिहिली, इमारतीचं नाव आणि मजलाही लिहिला. एरवी तो नुसतं मैदानाचं नाव लिहायचा. नीलांबरी रोज दूध काढताना ते वाचत होती. जेवायला नाही एवढं कळवायला मजला कशाला लागतो, हा प्रश्न तिनं मनात येऊ दिला नाही.

त्या सकाळी तो कोट घालून खाली आला. तिनं त्याला डबा दिला, पोळी आणि बटाट्याची भाजी. दारात तो बुटांच्या नाड्या बांधत बसला. तो एक बूट बांधून सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. ती मागे उभी होती. जॅकेट खुंटीला होतं, गाडीची किल्ली हाताशी होती आणि सुट्टी तिनं आदल्या दिवशीच मागून ठेवली होती.

"येतो, काकूसान."

"ये," ती म्हणाली.

दोन वर्षांची बंदी आली.

दाइगो उत्तरेला, ऑकलंडजवळच्या पुकेकोहेला गेला, एका भारतीय कुटुंबाच्या मळ्यात कांदे भरायच्या कामाला. व्हिसाही त्यांनीच करून दिला. पहाटे शेताच्या बांधावरून एकटाच धावायचा म्हणे. दिवाळीला त्याचा फोन यायचा. सानिका बोलायची, गुरुनाथ बोलायचा, नीलांबरी पाणी उकळायला ठेवलंय म्हणून फोन परत द्यायची. घरात सर्दी झाली की ती आता वाफ घ्यायला सांगे. डबा तिनं रिकामा केला होता.

दोन हजार सतरात बंदी उठली तेव्हा तो तिशीचा झाला होता. फॉरवर्डचं वय आधी पायात दिसतं. बॉल कुठं पडणार हे त्याला अजून कळत होतं, पण आता तिथं त्याच्याआधी दुसराच पोचलेला असायचा. ऑकलंडच्या एका खालच्या श्रेणीतल्या क्लबानं त्याला घेतलं. दीड मोसमात त्यानं मोजके गोल केले, आणि मग त्याला पुन्हा बाकावर बसवलं. जिथून सुरुवात तिथंच शेवट, असं त्यानंच हसत गुरुनाथला फोनवर सांगितलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात तो जपानला कायमचा परत निघाला. वडिलांचे गुडघे गेले होते, बर्फाचं काम आता हा करणार होता. जाण्याआधी एक दिवस तो पोरिरुआला आला. बूट काढून, वळवून ठेवले. नीलांबरीनं पोहे केले. गुरुनाथ कामावर होता, सानिका युनिव्हर्सिटीत. दोघंच समोरासमोर होते, आणि आता पळायला जागा नव्हती.

ती म्हणाली, "ती गोळी माझी होती, दाइगो. मला माहीत होतं. बातमी आली त्याच दिवशी कळलं होतं."

तो खात होता. घास संपवून त्यानं चमचा खाली ठेवला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पट्टी मी पाहिली होती ना."

"मग नाव का नाही घेतलंस?"

"ज्या घरी जेवलो त्या घराचं नाव मी कसं घेणार?" तो जरा थांबला. "पण तुम्ही याल असं वाटलं होतं. म्हणून पत्ता लिहिला होता. तिथं माझ्या शेजारी एक खुर्ची ठेवायला सांगितली होती. त्यांनी विचारलं, कुणी यायचं आहे का? मी म्हटलं, थोडं थांबा."

रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होता. नीलांबरीनं माफी मागितली, मराठीत मागितली, मग इंग्रजीत. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्यानं उरलेले पोहे संपवले, प्लेट धुऊन जाळीवर उपडी ठेवली, आणि बूट घातले. या वेळी नाड्या त्यानं एकदाच बांधल्या.

संध्याकाळी गुरुनाथ आला. ओट्यावर दोन कप तसेच पडलेले, दिवा लावलेला नाही आणि ती टेबलाशी बसलेली. काय म्हणाला दाइगो, त्यानं विचारलं.

"काही नाही," नीलांबरी म्हणाली. "त्या दिवशी थोडा वेळ थांबला होता म्हणे."