गजाननने दोनदा विचारलं होतं

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. लिहिताना हात अडखळतो — मी चौथीच शिकले आहे म्हणून नव्हे.

आमच्या वलगावच्या घरात सुनेचा, वर्षाचा, जुना कॉम्प्युटर होता. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. म्हणून तिने एसएसडी नावाची नवी, वेगवान डिस्क आणली. बसवायला गावातला गजानन येणार होता. अमरावतीला कामावर निघताना ती म्हणाली, "आई, जुन्या डिस्कले हात लावू देऊ नका. परीचे सारे फोटो त्यातच आहेत." परी माझी नात. जन्मापासून चार वर्षांची होईपर्यंतची, सगळी तिथेच.

परक्या माणसाशी मी बोलत नाही. दाराआडून मान हलवते, की झालं. गजाननने विचारलं, "काकू, जुनी पुसून टाकू काय? जागा मोकळी होईल." मी मान हलवली. विसरले होते का? नाही — चांगलं आठवत होतं. पण बोलले तर तो आणखी काही विचारेल, मला कळणार नाही, तो हसेल... "पक्कं ना, काकू?" मी पुन्हा हलवली.

एवढंच असतं तर? पण एवढंच नाही.

संध्याकाळी वर्षा रडत माझ्याकडे आली. मी म्हणाले, "म्या तं सांगतलं होतं त्याले." किती सहज निघालं ते तोंडातून!

तिने गजाननला दारात उभं केलं. "माह्या लेकीचं लहानपण खाल्लं तुनं!" शेजारपाजार जमला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, तुमीच तं मान हालवली —" मी आत निघून गेले. लोक म्हणाले, त्या बिचारीला त्यातलं काय कळतं? ज्या अडाणीपणाची जन्मभर लाज वाटली, त्याच्याच आड त्या दिवशी लपले.

गावाने त्याला काम देणं सोडलं. 'पुसणारा गजू' म्हणायचे. दुकान बंद करून तो कुठेतरी निघून गेला.

गेल्या महिन्यात अकोल्याला भाचीच्या मोबाइलची काच बदलायला गेलो, तर काउंटरमागे तोच. दुसऱ्याच्या दुकानात नोकर. त्याने उठून मला स्टूल दिलं, चहा मागवला.

"परी मोठी झाली असन, काकू?"

"झाली," मी म्हणाले.

भाची शेजारी होती. ती नसती, तरी मी तेवढंच बोलले असते. चहा पूर्ण प्याले आणि उठले.