दोन्ही डोळे उघडे ठेवून

वहिनी गेल्याचं मला कळवलं ते रफिकभाईंनी. छावणीच्या बाजारात त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान आहे, आणि दर रविवारी सकाळी माशांचं खाणं घेऊन ते स्वतः वहिनींकडे यायचे. त्या रविवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "शोभाताई, तुम्ही जरा या इकडं. मॅडम खुर्चीत बसल्यात... पण उठत नाहीत." मी सिडकोतून रिक्षानं पोचेपर्यंत शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. वहिनी मागच्या अंगणात, हौदाकाठच्या टेबलाशी, त्यांच्या वेताच्या खुर्चीत होत्या. मान किंचित कललेली, समोर सूक्ष्मदर्शक. त्याच्या काचेवरचा थेंब वाळून गेला होता. भेटायला येणारी माणसं अजून विचारतात, "त्या हौदापाशी बसून एवढं काय बघायच्या हो?" मला त्याचं उत्तर चहाच्या कपात मावेल एवढं देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सुलभावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर कन्नड गावचं. त्यांचे वडील निझामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले आणि पोलीस ॲक्शननंतर मराठी शाळेत मास्तर झालेले. घाईनं बोलणाऱ्या कुणालाही ते "पहिले गौर करावं माणसानं" असं म्हणून गप्प बसवायचे. हे गौर करणं, म्हणजे नीट निरखून विचार करणं, वहिनींनी माहेराहून आमच्याकडे आणलं. कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, तिथं भाषा पुस्तकी. घराचा उंबरा ओलांडला की गावाकडची. माझं त्यांच्याशी पहिल्यापासून मेतकूट जमलं असं मी म्हणणार नाही. त्यांचा संथपणा मला सोसायचा नाही. मेथी निवडायला बसल्या की पान न् पान उलटून बघणार, एखादी अळी सापडली तर ती वाटीत काढून तिचे पाय न्याहाळणार, आणि इकडे पाहुण्यांच्या पोटातले कावळे ओरडून ओरडून थकणार. "वहिनी, भाजी करायचीय, तिचं लग्न लावायचं नाही," असं मी म्हणाले की त्या शांतपणे म्हणायच्या, "तिलाबी जीव हाय गं. बघू तर दे."

कोई जातीचे जपानी रंगीत मासे हा दादाचा नाद. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं मागचा जुना हौद वाढवून घेतला, निळी पिंपं जोडून पाणी गाळायची सोय केली आणि रफिकभाईंकडून एकेक मासा आणत गेला. त्यातला एक पांढराशुभ्र, कपाळावर तेवढा लाल टिळा. दादानं त्याचं नाव ठेवलं नवरदेव. वहिनींना तेव्हा त्या माशांचं कवतिक नव्हतं. "आयुष्यभर कॉलेजात बेडकं पाहिली, आता घरी हे," म्हणायच्या. मग एका सकाळी चहा पिता पिता दादा गेला, आणि त्या मोठ्या घरात वहिनी आणि मासे एवढेच राहिले. निखिल, त्यांचा मुलगा, पुण्यात असतो. तो आईला घेऊन जायला निघालाच होता. वहिनी म्हणाल्या, "मासे कुणाकडं टाकू? ह्यांनी हातानं चारलेत." निखिलनं तेवढ्यापुरता विषय सोडला. पण सगळ्यांनाच कळत होतं, की वहिनींना त्या घरात राहायला तेवढं एकच कारण उरलं होतं, आणि ते पाण्यात पोहत होतं.

थंडी सरता सरता मासे आजारी पडले. पर मिटून तळाशी बसायचे, मध्येच उसळून हौदाच्या भिंतीला अंग घासायचे. एक मेला, मग दुसरा. निखिलचा फोन आला, "आई, आता बास कर. हौद बुजवून टाकू आणि तू इकडे ये." वहिनींनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. रफिकभाई बिचारे लगोलग बाटली घेऊन आले.

"मॅडम, ये निळी दवा डालो. आधे रोग तो इसीसे जाते."

"आणि बाकीचे आधे?"

"वो..." रफिकभाईंनी आभाळाकडे पाहिलं, "वो फिर अल्ला मालिक."

दादा गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा. पण बाटली त्यांनी उघडली नाही. "काय झालंय ते कळल्याबिगर औषध घालायचं नाय, रफिकभाई. डोळे मिटून दगड मारल्यासारखं होतं ते." आणि निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेला, कपाटात कापडाखाली पडून असलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी बाहेर काढला. टेबल हौदापाशी आणलं. सूक्ष्मदर्शकाचा आरसा आभाळाकडे वळवून उजेड घेतला. माझ्याकडे काम आलं ते घमेलं धरायचं. ओल्या हातानं मासा घमेल्यात घ्यायचा, डोक्याकडून शेपटीकडे अंगावरची बुळबुळ काचेच्या कडेनं हलकेच खरवडायची, ती पट्टीवर घेऊन वर पाण्याचा थेंब टाकायचा आणि पातळ काच ठेवायची. हे सगळं वहिनी अशा सावकाशीनं करायच्या की माझ्या कमरेला रग लागायची. मासा शेपटी मारायचा आणि माझी साडी चिंब व्हायची, ती गंमत निराळीच.

पहिले काही दिवस त्यांना काहीच दिसलं नाही. दर वेळी मान वर करून म्हणायच्या, "स्वच्छ हाय." आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा उलटा तरंगत असायचा. त्यांची झोप उडाली. नवरदेवही तळाशी बसू लागला होता. एकदा त्या मला म्हणाल्या, "शोभा, माझी नजरच गेली का गं? सगळी नोकरी ह्याच्यात काढली मी... आणि घरचंच ओळखू येईना." त्या बाईचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्यांची माया आली, खरं सांगते.

पुढचं घडलं ते आपल्या शहराच्या नळांच्या कृपेनं. वहिनी काचेवर थेंब टाकायच्या तो नळाच्या पाण्याचा, तांब्यात निवळून ठेवलेला. सगळी नोकरी त्यांनी तसाच स्वच्छ थेंब वापरलेला. त्या दिवशी नळ यायचा होता, आला नाही. तांब्यात खडखडाट. मी म्हणाले, "एवढा हौद भरलाय समोर, त्यातला टाका की एक थेंब. माझे हात गळून पडायला आलेत." वहिनींनी नाइलाजानं हौदात बोट बुडवून थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला... आणि एकदम थिजल्याच. मला वाटलं, चक्कर आली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अगं... हे तर फिरतंय."

नळाच्या पाण्यातली जंतुनाशक पावडर! जे बघायचं तेच त्या थेंबात मरून जात होतं, आणि मेल्यावर बुळबुळीत मिसळून दिसेनासं होत होतं. वहिनी कपाळावर हात मारून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "मेलेलं, रंग देऊन काचेत बसवलेलं, तेच दाखवलं गं मी पोरांना. ते ओळखायचं आकारावरनं. हे ओळखायचं हलण्यावरनं, एवढं ध्यानातच आलं नाय." त्यांनी मला ओढून बसवलं. मी सवयीनं एक डोळा मिटला. "मिटू नको. दोन्ही उघडे ठेव, नाहीतर डोळा थकतो. जे बघायचं नाय ते जरा वेळानं आपोआप दिसेनासं होतं." मी तसं केलं. आधी टेबल, माझी ओली साडी, सगळ्याची खिचडी. मग हळूहळू ते विरलं आणि उजेडाच्या गोलात एक बशी दिसली, कडेला दात्यांची चक्री असलेली, गरगर फिरत इकडून तिकडे जाणारी. तिच्या पलीकडे एक अळीसारखं काहीतरी, एक टोक रोवून अंग लांबवत होतं. "ती बशी माशाची कातडी खरवडती, आणि तो आकड्यानं धरून बसतो," वहिनी कानाशी सांगत होत्या, "दोघांची औषधं निराळी. निळ्या बाटलीनं दुसऱ्याला काय बी झालं नसतं." मी इतकी वर्षं त्या बाईला संथ म्हणत होते. त्या दिवशी पाऊण तास मीच त्या नळीपासून हलले नाही.

रफिकभाईंनी धावपळ करून औषधं आणली. सगळे नाही वाचले, पण नवरदेव वाचला आणि त्याच्याबरोबर आणखी काही. निखिल दिवाळीला आला तो आईला नेण्याच्याच तयारीनं. वहिनींनी वाद घातला नाही. त्याला खुर्चीत बसवलं, म्हणाल्या, "दोन्ही डोळे उघडे ठेव, आणि काय दिसतं ते सांग." तो बराच वेळ बघत राहिला. मग लहानपणी विचारायचा तसं एकामागून एक विचारू लागला. भाऊबीजेनंतर तो एकटाच परतला, आणि जाण्याआधी छावणीच्या बाजारातून हवेचा दुसरा पंप आणून बसवून गेला. दादाच्या फोटोला वहिनींनी कधी हार घातला नाही. मी एकदा टोकलं तर म्हणाल्या, "फोटोत ते मला ओळखू येत नाहीत. चपला फरफटत यायचे ना... त्यावरनं ओळखायची मी त्यांना."

मागच्या रविवारी निखिल आला होता. घराचं बोलणं निघालं आणि तो म्हणाला, "आत्या, हौदाचं काय करायचं ते तूच सांग." मी म्हणाले, आधी घमेलं धर. नवरदेव आता म्हातारा झालाय, फारसा झगडत नाही. मी बुळबुळ घेतली, हौदातलाच थेंब टाकला. वहिनींच्या खुर्चीत बसवेना, म्हणून माझं नेहमीचं लोखंडी स्टूल ओढलं आणि नळीला डोळा लावला.

"काय आहे गं?" निखिलनं विचारलं.

"बशी आहे. औषध लागेल, आणि दर रविवारी बघावं लागेल. बुजवायचं नाव काढू नकोस."

तो घमेलं घेऊन हौदाकडे गेला. मी तशीच बसून राहिले. डाव्या डोळ्यासमोर ती चक्री गरगर फिरत होती. उजव्या डोळ्याला वेताची खुर्ची दिसत होती, तिच्या हातावर वाळत टाकलेला वहिनींचा हात पुसायचा पंचा. जे बघायचं नाही ते जरा वेळानं आपोआप दिसेनासं होतं, असं त्या म्हणायच्या. मी पुष्कळ वेळ थांबले... खुर्ची काही दिसेनाशी झाली नाही.