तांबडीची गाठ

माझ्या सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं अजून फिरतं. परवा आमच्याच घरातलं एक शिकलेलं पोर म्हणालं, "जुनी माणसं अडाणी, उठसूट झाडपाला द्यायची." म्हटलं, बस इथे नि ऐक, मग बोल.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचे हे तलासरीला शाळेत मास्तर. मी डहाणूची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. सासूबाईंना मी आई म्हणायची. त्यांचा हात औषधाला गुणाचा, अशी गावभर ख्याती. पोराचं पोट दुखलं, बाईची कंबर धरली, बैलाचा खांदा सुजला, की माणसं आमच्या ओट्यावर हजर. आईंनी कधी कुणाकडून पै घेतली नाही. "आईंनी दिलंय ना, मग उतार पडणारच," एवढं कानावर आलं की त्यांचं पोट भरायचं. तो मान हीच त्यांची आयुष्यभराची कमाई. त्याला धक्का लागलेला त्यांना मुळीच खपत नसे.

दुसरा जीव तांबडीवर. तांबडी म्हणजे आमची कुत्री. रंगाने तांबडी म्हणून तांबडी, बारसं करायला वेळ कुणाला होता? मला ती घरातली मानायचीच नाही. दारात आडवी पडायची आणि मी हंडा घेऊन तिला ओलांडून जायची. आईंनी नुसतं "हं" केलं की मात्र बाईसाहेब शेपूट हलवत बाजूला.

एका उन्हाळ्यात तिच्या मागच्या सडाशी गाठ आली. आधी चिंचोक्याएवढी होती, बघता बघता चिकूएवढी झाली.

"आई, डहाणूला गुरांचा दवाखाना आहे. दाखवू या."

"गाठीला कसला गं दवाखाना? तुम्हा रेल्वेवाल्यांना शिंक आली तरी डॉक्टर लागतो."

मी तोंड फुगवून आत गेले. आमचे हे? आईपुढे त्यांना कंठच फुटायचा नाही.

आईंनी गुळवेलीचा काढा सुरू केला. खोटं कशाला बोलू, तांबडीची गेलेली भूक त्या काढ्यानंतर परत आली. आईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आता गाठही जिरवतेच, म्हणून त्यांना चेव आला. मग कांचनाच्या सालीचा काढा, दुधातून हळद, आणि भाकरीत भरपूर लसूण कुस्करून सकाळ-संध्याकाळ. लसूण उष्ण, गाठ वितळवतो, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यानेही गाठ हलेना तेव्हा वरून बिब्ब्याचं तेल. त्या तेलाने कातडी भाजली, गाठ फुटली आणि वाहायला लागली. माश्या घोंगावू लागल्या. तांबडी ओट्याखाली जाऊन पडली, ती आईंनी "हं" म्हटलं तरी उठेना.

तेव्हा मात्र माझी सटकली. गवताचा एक ट्रक डहाणूला निघाला होता, तो मी रस्त्यात उभी राहून थांबवला. ड्रायव्हर गुजराती होता. म्हणाला, "बेन, कुत्री नाय घेनार. वास मारते."

"वास तुझ्या बिडीलाही येतो. मी काही म्हटलं का?"

तो हसला आणि त्याने मागचं फळकं पाडलं. मी तांबडीला गोणपाटात गुंडाळून वर चढवते आहे, तोवर आई डोक्यावर पदर घेत समोर.

"माझं जनावर आहे. मी येणार."

गवताच्या गठ्ठ्यांवर बसून आम्ही डहाणूला गेलो. तांबडीचं डोकं आईंच्या मांडीवर होतं.

दवाखान्याच्या पडवीत गर्दी होती. म्हशी, बैल, शेळ्या, आणि निम्मी माणसं आमच्याच बाजूची. "अगं बाई, आई तुम्ही? आणि इथे?" असं त्यातल्या एकीने विचारलंच. आईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डॉक्टर तरुण होता. तो तिथेच पडवीत आला, तांबडीचा ओठ वर करून त्याने हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्याफटक होत्या.

"गाठ कॅन्सरची असावी. कापून काढता येईल. पण हिच्या अंगात रक्तच दिसत नाही. हिला खायला काय काय दिलंत?"

पडवीतल्या माना आमच्याकडे वळल्या. मी आईंकडे पाहिलं. मी बोलले असते, पण त्या बायांसमोर सासूचं नाक कापायला माझी जीभ रेटेना. आणि न बोलावं, तर कुत्री टेबलावर मरणार. आईंनी क्षणभर मान खाली घातली. "काही नाही, भाकरी-दूध," एवढंच त्या म्हणतील, असं मला वाटलं.

आईंनी पदर खोचला.

"मी दिलं," त्या म्हणाल्या. आवाज असा खणखणीत की रस्त्यावर ऐकू जावा. "गुळवेल दिली. कांचनाची साल उकळून दिली. हळद दिली. लसूण दोन्ही वेळा दिला, मूठमूठ. बिब्बा लावला, त्याने ती भाजली. सगळं माझ्या हाताने झालंय. आता यातलं काय चुकलं ते सांग, आणि हिला वाचव."

मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. माझी सासू हो ती, दुसऱ्या कुणाची नव्हे!

डॉक्टर भला होता, हसला नाही. म्हणाला, "लसणाने कुत्र्याचं रक्त नासतं, आई. माणसाला चालतो, कुत्र्याला नाही. हळद एवढी द्याल तर कापताना रक्त थांबायचं नाही, अशी मला भीती वाटते. कांचनाच्या सालीचं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच आत्ता नको. आधी सगळं बंद करा. कलेजी द्या, अंडी द्या. अंगात रक्त भरलं की आणा."

आईंनी जन्मात कधी घरात अंडं आणू दिलं नव्हतं. परतल्यावर चुलीवर स्वतः कलेजी शिजवायला बसल्या. नाकाला पदर लावून ढवळत होत्या आणि मला दटावत होत्या, "हसतेस काय? मीठ आण!"

तांबडीच्या हिरड्या लाल झाल्यावर डॉक्टरने गाठ काढली. रोग पुन्हा उलटणार नाही असा शब्द देत नाही, हेही त्याने तोंडावर सांगितलं. आईंनी विचारलं, "माश्या बसू नयेत म्हणून करंजाचं तेल लावू का?" तो म्हणाला, "जखमेत नाही, कडेकडेने लावा. त्याने काम होईल." आईंची मान जी ताठ झाली म्हणता! घरी येईपर्यंत ट्रकवाल्यालाही करंजाचे गुण ऐकावे लागले. जखम स्वच्छ भरली, आणि तांबडी पुन्हा दारात आडवी पडायला लागली.

पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तलासरीच्या म्हातारीने मुळी देऊन कुत्रीचा कॅन्सर वितळवला, असं पार किनाऱ्यापर्यंत पसरलं. पुढच्या थंडीत वाढवणहून एक माणूस बायकोला घेऊन आला. त्याने नारळ पुढे ठेवला आणि आईंचे पायच धरले.

"आई, हिच्या छातीत गाठ आहे. कुत्रीला दिलीत ती मुळी द्या. तुमचं नाव ऐकून आलोय."

आईंनी त्या बाईला आत नेऊन पाहिलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"माझ्याकडे याचं औषध नाही. मुंबईला मोठ्या दवाखान्यात ने. आजच निघ."

"असं करू नका, आई. सगळे म्हणतात, तुमच्या मुळीनेच..."

"माझ्या औषधाने कुत्री मरायला टेकली होती!" आई गरजल्या. खाली बसून त्यांनी तांबडीला उताणं केलं. "ही शिवण बघ. बघ नीट. मुळीने अशी शिवण पडते का? डॉक्टरने कापलं म्हणून जगलीय ही. जा, आणि ज्यांनी तुला इकडे पाठवलं त्यांनाही हेच सांग."

तो माणूस ओट्यावर मटकन बसला. त्याची बायको आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. ती पुढे झाली, वाकली आणि तिने तांबडीच्या पोटावरच्या शिवणीवरून हात फिरवला. तांबडी कुणा परक्याला अंगाला हात लावू देत नसे, ती गुमान पडून राहिली.

"दुखलं असेल हिला?" बाईने विचारलं.

"दुखलं," आई म्हणाल्या. "पण मग उठून जेवली."

बाईने पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. मला मुंबईला न्या."