स्विचवरची चिकटपट्टी

उल्हासनगरचा सिंधी कॉम्प्युटरवाला बदलापूरला आमच्या घरी आला की आधी मशीनला नमस्कार करतो, मग मला.

गेल्या महिन्यात मी कॉम्प्युटर साफ केला. त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे. मी न बनवलेल्या दोन हजार एकशे सहा फायली निघाल्या. त्या पुसताना मशीनने पासवर्ड मागितला, तोही दिला. मग काहीच उघडेना. सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याची नऊ वर्षांची रोजची मापं आत अडकली. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला.

"साईं, बंद तर नाही ना केला? चालू आहे तोवर जिंदा आहे, बंद झाला तर परत उठणार नाही. हात नका लावू!"

आल्याबरोबर त्याने स्विचवर चिकटपट्टी लावली आणि स्विचला पाठ लावून फरशीवर बसला. मी पुसल्या तशाच फायली स्वतःच्या लॅपटॉपमधून भरत तीन तास हलला नाही. बायको त्याच बोर्डावरून पंखा लावायला आली तर ओरडला, "भाभी, नको!"

मापं सगळी मिळाली. मी मोजली.

जाताना म्हणाला, "साईं, घरात तुम्ही न आणलेलं अजून काय आहे? ते साफ नका करू."

"माझं माहेरचं कपाट," बायको म्हणाली. "रविवारी त्याचाच नंबर आहे."

त्याने चप्पल काढली, परत आत आला आणि कपाटालाही चिकटपट्टी लावून गेला.